बाबांची टीम गाव सोडून गेली, आता मुलाला काय सांगू?

ताई, नमस्कार.

आम्ही १९८६ साली डोंबिवलीहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाबांना क्रिकेटचं वेड. डोंबिवलीत ते क्लबच्या मॅचना स्कोअर लिहायला बसायचे. इथे क्रिकेट कुठलं! पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांच्या पोर्चवर बसून त्यांनी बेसबॉल समजून घेतला आणि पुढच्या वर्षीपासून आम्ही दोघं बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियमला जायला लागलो. संघ अ‍ॅथलेटिक्स, आमच्या तोंडी ए’ज. बाबा पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायचे, मी शेंगा सोलायचो. अशी दोनशेच्या वर कार्डं घरी एका खोक्यात आहेत. १ मे १९९१ला बाबांनी डेंटिस्टकडे नेतो म्हणून मला शाळेतून काढलं आणि मॅचला नेलं. त्या दिवशी आमच्या रिकी हेंडरसनने बेस चोरण्याचा, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठण्याचा, विक्रम मोडला. त्या कार्डाच्या कडेला बाबांनी मराठीत लिहिलंय, ‘आज शाळा बुडवली.’ आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती आमच्याकडेच असते आणि ए’जच्या बाहीवरच्या हत्तीला गणपती म्हणते.

बाबा २०१६ला गेले. ए’जनी २०२४ला ओकलंड सोडलं. शेवटच्या मॅचला मी एकटाच गेलो होतो. मैदानाची देखभाल करणाऱ्यांनी लोकांना पेल्यात माती भरून दिली, तो पेला बाबांच्या फोटोशेजारी ठेवलाय. त्या दिवसानंतर मी एकही मॅच पाहिलेली नाही. बायको म्हणते, शेवटी खेळच आहे, किती दिवस सुतक पाळणार?

आता मुलगा नऊ वर्षांचा आहे. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, त्याच्या टीमच्या वाट्याला ‘जायंट्स’ हे नाव आलं, खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचं, आमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचं. परवा तो काळा-नारिंगी शर्ट घालून नाचत घरात आला. मी बोललो काहीच नाही, पण त्याने माझा चेहरा पाहिला आणि आत जाऊन शर्ट काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘बाबा, आपली टीम कुठली?’ मला उत्तर देता आलं नाही. ए’ज आता सॅक्रॅमेंटोला खेळतात, तिथे जाऊन त्याच संघासाठी टाळ्या वाजवू? जायंट्सला घरात येऊ देऊ? की बेसबॉलच बंद करू? काहीही केलं तरी बाबांना दगा दिल्यासारखं वाटतं.

— हिरवी टोपी, फ्रीमाँट


प्रिय दादा,

आधी त्या शर्टाचं बघू. तो आज रात्रीच बाहेर काढा, चुरगळला असेल तर इस्त्री करा आणि त्याच्या उशाशी ठेवा. नऊ वर्षांच्या पोराला बापाचा चेहरा वाचता येतो, त्यामागचं कारण मात्र वाचता येत नाही. आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं असणार. त्याला सरळ सांगा की तुझ्यावर रागावलो नव्हतो, मला आजोबांची आठवण आली होती. एवढं एक वाक्य पुरे आहे. बाकीचं पत्र वाचून होईपर्यंत ह्याला वेळ लावू नका.

आता वहिनींचं म्हणणं. खेळच आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच. पण ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. मी १९८७ला हेवर्डला आले, म्हणजे तुमच्या मागोमागच. त्या गावांत उन्हाळ्याच्या संध्याकाळी कुठल्याही गॅरेजमधून रेडिओवर ए’जचा कॉमेंटेटर बिल किंगचा आवाज यायचा. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण आवाजातली धडधड कळायची. मला माझे वडील आठवायचे, ट्रान्झिस्टर कानाशी धरून बाळ पंडितांची कॉमेंटरी ऐकणारे. सलग ५७ सीझन एक संघ एका गावात खेळतो, त्याच्या तारखा लोकांच्या लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या तारखांमध्ये मिसळून जातात. २६ सप्टेंबर २०२४ला शेवटच्या मॅचला ४६,८८९ माणसं आली होती. ए’जनी टेक्सस रेंजर्सना ३-२ हरवलं आणि लोक घरी जाईनात. त्याआधी २०१९मध्ये बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, २०२०मध्ये अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स लास व्हेगासला गेले. एकाच गावाने पाच-सहा वर्षांत तीन संघ घालवले. ह्याचं दुःख होतं म्हणणाऱ्या माणसाला मी ‘सुतक पाळू नका’ असं म्हणणार नाही. वहिनींना एकदा ती १९९१ची गोष्ट पूर्ण सांगा. विक्रमाची नको, डेंटिस्टची सांगा. मग फोटोशेजारच्या पेल्याबद्दल त्या पुन्हा काही बोलतील असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मी मुद्दाम काढते, कारण ती शर्टाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. १७ ऑक्टोबर १९८९. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतात, म्हणजे आज तुमचा मुलगा आहे तेवढेच. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, एका बाजूला ए’ज, दुसऱ्या बाजूला जायंट्स. तिसरी मॅच सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर सुरू व्हायच्या बेतात होती आणि पाच वाजून चार मिनिटांनी जमीन हलली. हेवर्डच्या आमच्या भाड्याच्या घरात फळीवरचे डबे खाली आले, ओट्यावर तूरडाळीचा सडा पडला. मला वाटलं एवढंच झालंय. मग टीव्हीवर वेस्ट ओकलंडमधला सायप्रस स्ट्रीटवरचा दुमजली हायवे दिसला. वरचा मजला खालच्यावर बसला होता. एकट्या तिथे ४२ माणसं गेली. मॅच बघायला बरेच लोक लवकर घरी पोचले होते म्हणून रस्त्यावर गाड्या नेहमीपेक्षा कमी होत्या, नाहीतर काय झालं असतं ते मनात आणवत नाही.

त्या संध्याकाळी कँडलस्टिकवर दोन्ही संघांचे खेळाडू गणवेशातच मैदानावर उभे राहून आपापल्या बायकामुलांना शोधत होते. हिरवे-पिवळे आणि काळे-नारिंगी एकमेकांत मिसळले होते. ए’जचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेव्ह स्टुअर्ट ओकलंडमध्येच वाढलेला. तो त्या दिवसांत कोसळलेल्या हायवेपाशी जायचा, ढिगारा उपसणाऱ्यांबरोबर उभा राहायचा. मालिका दहा दिवसांनी पुन्हा सुरू झाली, ए’जनी सलग चार मॅच घेऊन ती संपवली, मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू स्टुअर्टच ठरला. आणि जिंकल्यावर त्यांनी शॅम्पेन उडवली नाही. गावात मर्तिकं झाली होती. आपल्याकडे शेजारच्या घरात कोणी गेलं की सणाचं तळण काढत नाहीत, तसंच हे. तुम्ही त्या संघावर जीव टाकलात ह्यात मला नवल वाटत नाही.

पण मुलाला ही गोष्ट सांगताना जायंट्सना वगळू नका. त्या वर्षी अर्धी ए’जची आणि अर्धी जायंट्सची अशी टोपी घालून फिरणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. घरातला तो शर्ट शत्रूचा झेंडा नाही. खाडीपलीकडच्या शेजाऱ्याचा आहे, आणि तोसुद्धा लिटल लीगच्या वाटपात आलेला. मुलाने तो निवडलेलासुद्धा नाही. त्याला शर्ट मिळाला, टीम मिळाली, तो नाचत घरी आला. एवढंच.

आता ‘दगा’ ह्या शब्दाकडे येते. हा शब्द तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपला.

हा संघ जन्माने ओकलंडचा नव्हता हे तुम्हाला माहीत असणारच. १९०१ ते १९५४ तो फिलाडेल्फियाचा होता. आईंचा तो गणपतीसुद्धा तिथलाच. १९०२मध्ये न्यू यॉर्कच्या संघाचा मॅनेजर जॉन मग्रॉने ह्या संघाला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं आणि मॅनेजर कॉनी मॅकने तोच हत्ती संघाचं चिन्ह म्हणून मिरवला. मग १९५५ ते १९६७ संघ कॅन्सस सिटीला होता. १९६८ला ओकलंडला आला आणि १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकला. ओकलंडने कॅन्सस सिटीला विचारून संघ घेतला नव्हता. तिथेही कोणीतरी पोरगा १९६७च्या शरदात बापाला विचारत असेल, आता आपली टीम कुठली? तुमचं दुःख लहान करायला हे सांगत नाहीये. दोन वेळा गाव सोडून आलेला संघ तुमच्या बाबांनी, स्वतः गाव सोडून आलेल्या माणसाने, आपला म्हणून उचलला, हे तुम्ही नीट पाहावं म्हणून सांगतेय.

कारण तुम्हीच लिहिलंय ते पुन्हा वाचा. बाबांना वेड क्रिकेटचं होतं. बेसबॉल त्यांना आवडत होता असं पत्रात कुठेही नाही. परक्या देशात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, नोकरी नवी, भाषेचा उच्चार वेगळा, तरी ते शेजाऱ्याच्या पोर्चवर जाऊन बसले आणि मोठ्या वयात एक अख्खा खेळ मुळाक्षरांपासून शिकले. कशासाठी? सहा-सात वर्षांचं पोर शाळेत जाऊन उद्या काय बोलणार, कोणाशी खेळणार, हे त्यांना दिसत होतं. मुलाचं गाव जे, त्या गावचा खेळ त्यांनी घरात आणला. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर ‘आपलं क्रिकेटच खरं’ म्हणून हटून बसला असता, आणि तसे बाप मी इथे पुष्कळ पाहिले. तुमचे बाबा ए’जचे भक्त झाले ते तुमच्यामुळे. तुम्ही कोलिझियमच्या जवळ राहत होतात म्हणून ए’ज. खाडीच्या पलीकडे नोकरी लागली असती तर खोक्यातली दोनशे कार्डं जायंट्सची असती, आणि तुम्ही मला आज दुसरंच काही लिहिलं असतं.

म्हणून बाबांना दगा व्हायचा असेल तर तो एकाच गोष्टीने होईल: तुमच्या मुलाने शर्ट काढून ठेवला आणि तुम्ही तो तसाच पडू दिलात तर.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आता सोपी आहेत. बेसबॉल बंद करू नका, तो तुमच्या एकट्याचा राहिलेला नाही. जायंट्सला घरात येऊ द्या. मुलाला त्यांच्या मॅचला जायचं असेल तर न्या आणि तुमची हिरवी टोपी घालूनच जा. कोणी विचारलं तर सांगा, ही वडिलांची, तो शर्ट मुलाचा. सॅक्रॅमेंटोला मात्र सध्या जाऊ नका असं मी म्हणेन. संघ तिथे पाहुणा म्हणून आहे, नावापुढे गावाचं नावही लावत नाही, पुढे लास व्हेगासला जायचं ठरलेलं आहे. फ्रीमाँटहून दोन तास गाडी हाकून तुम्ही जाल, दात आवळून बसाल आणि पोराला पुन्हा तोच चेहरा दिसेल. उद्या तिथला एखादा खेळाडू मुलाला आवडला आणि तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुरकुर न करता न्या. तुमच्या मनातला राग मालकांवर आहे आणि तो रास्त आहे. तो मुलाच्या दप्तरात भरू नका.

एक ठिकाण मात्र जरूर दाखवा. वेस्ट ओकलंडमध्ये रायमंडी पार्क आहे. तिथे २०२४पासून ओकलंड बॉलर्स नावाचा छोटा संघ पायोनियर लीगमध्ये खेळतो. ए’ज जाणार हे कळल्यावर गावातल्याच माणसांनी तो उभा केला, चाहत्यांनाही मालकीत वाटा दिला, आणि २०२५मध्ये त्या संघाने लीगचं अजिंक्यपद मिळवलं. मैदान लहान आहे, पुढच्या रांगेत बसलं तर पिचरच्या बुटाखालची माती करकरलेली ऐकू येते. ज्या ठिकाणी सायप्रसचा हायवे पडला ते तिथून पायी जाण्यासारखं आहे. आता तिथे मंडेला पार्कवे नावाचा झाडांचा रस्ता आहे आणि गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक छोटी बाग आहे. मॅचच्या आधी मुलाला तिथून चालवत न्या. स्टुअर्टची गोष्ट तिथे उभं राहून सांगा, टीव्हीसमोर नको.

आणि खोकं उघडा. हे मी सल्ला म्हणून कमी आणि हट्ट म्हणून जास्त सांगतेय. दोनशे कार्डं माळ्यावर ठेवून काय करायची आहेत? एका रविवारी जेवणं झाल्यावर सतरंजी टाका आणि मुलाला ती वाचायला शिकवा. प्रत्येक खेळाडूच्या जागेला आकडा असतो, पिचर १, कॅचर २, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो तो शॉर्टस्टॉप ६, असे नऊपर्यंत. ६-४-३ असं लिहिलेलं दिसलं की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवरच्याला दिला, त्याने पहिल्या बेसकडे फेकला आणि एका फटक्यात दोघं बाद झाले. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की, इंग्रजी ‘के’, आणि बॅटरने बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक नुसताच बघितला तर तोच ‘के’ आरशातल्यासारखा उलटा. मुलांना हा उलटा ‘के’ फार आवडतो. माझ्या भाचीने तो कार्डात शोधत अख्खी दुपार घालवली होती. क्लबच्या मॅचचा स्कोअर लिहिलेल्या माणसाच्या कार्डात क्रिकेटच्या सवयी नक्की सापडतील, कुठेतरी इनिंग संपल्यावर दोन रेघा मारलेल्या, कुठे एकूण धावसंख्येभोवती चौकट. त्या शोधा. त्या खुणांमध्ये डोंबिवली आहे.

मग १ मे १९९१चं कार्ड काढा. रिकीने लू ब्रॉकचा ९३८ चोरलेल्या बेसचा विक्रम मोडला, ९३९वा बेस तिसरा होता, आणि त्याने तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला होता. बेस चोरणं म्हणजे काय ते मुलाला अंगणात करून दाखवा. पिचरचा हात सुटण्याआधी पाय उचलायचा असतो, आणि ज्याला बाद होण्याची लाज वाटते त्याला ते कधी जमत नाही. रिकी ओकलंड टेक हायस्कूलचा मुलगा. निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर १,४०६ चोरलेले बेस होते, ते आजही कोणाला गाठता आलेले नाहीत. तोही गेला, २० डिसेंबर २०२४ला, म्हणजे कोलिझियमवरच्या त्या शेवटच्या मॅचनंतर तीन महिन्यांच्या आत. तुमच्या घरातल्या कागदावर तो अजून तिसऱ्या बेसवर उभा आहे, तुमच्या बाबांच्या पेन्सिलीने.

मुलाच्या पुढच्या मॅचला, त्या काळ्या-नारिंगी शर्टाच्या मॅचला, तुम्ही एक कोरं कार्ड आणि पेन्सिल घेऊन बसा. पेनाने लिहू नका. लिटल लीगमध्ये चेंडू कुठून कुठे जाईल ह्याचा नेम नसतो, खोडावं लागतं. बाबांच्या पद्धतीने सगळं लिहा, इनिंग संपली की दोन रेघा. ‘आपली टीम कुठली’ ह्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी द्यायची गरज पडणार नाही. त्याचं नाव कार्डावर सगळ्यात वर लिहिलेलं त्याला दिसेल.

राहिल्या आई. डेंटिस्टची गोष्ट त्यांनाही आता सांगून टाका. मुलाला शेजारी बसवून सांगा. शेंगांचा चुरा खिशात घेऊन, उन्हाने लाल होऊन घरी आलेलं पोर डेंटिस्टकडून आलंय ह्यावर कुठल्या आईने विश्वास ठेवला असेल? पस्तीस वर्षं त्या गप्प बसल्या असतील तर त्याचंही काही कारण असेल, आणि ते ऐकायला मलाही आवडेल. त्या काय म्हणाल्या ते कळवा. आणि मुलाच्या पहिल्या कार्डाच्या कडेला तुम्ही मराठीत काय लिहिलंत, तेही.

तुमची,
ताई